आण्णांच्या खिशातलं काडतूस

माझे वडील बँकेत होते, असं मी कुवेतमध्ये अकरा वर्षं सांगत आलो. ते खोटं नाही. एका सहकारी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत आण्णांनी तीस वर्षं काढली. ती दारात काढली, खांद्याला दुनळी बंदूक लावून, एवढंच मी सांगायचो नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला पहिला मी. याबद्दल उगाच नम्रपणा दाखवणार नाही, कारण ते सोपं नव्हतं. बी.एस्सी. झालो, सेफ्टीचा डिप्लोमा केला आणि इकडे आलो. आता मीना अब्दुल्लाच्या औद्योगिक भागात एका कंत्राटदाराकडे सेफ्टी ऑफिसर आहे. काय आत न्यायचं, काय न्यायचं नाही, कुठे काय पेटवायचं नाही, हे दोनशे माणसांना रोज सकाळी हिंदीत सांगणं हे माझं काम. नियम हा माझा धंदा आहे म्हणा ना.

तो आण्णांचाही धंदा होता, फक्त आमच्या घरात त्याला कुणी तसं म्हणत नसे. आण्णा सातवी शिकलेले. पण परवान्याच्या पुस्तिकेमागे छापलेल्या अटी त्यांना तोंडपाठ होत्या. बंदूक बँकेची, परवान्यावर नाव यांचं. जीपमधून रोकड न्यायची तर नळी वर. जेवायला बसायचं तर बंदूक तिजोरीच्या खोलीत. निवडणूक लागली की पोलीस स्टेशनात जमा करून पावती घ्यायची. चुलत्यांच्या मुलीच्या लग्नात सगळे मागे लागले होते, आण्णा, एक बार होऊ द्या, नवरदेवाकडचे बघत्यात. आण्णा म्हणाले, "परवाना बँकेच्या दारापुरता हाय, मांडवापुरता न्हाय." चुलते वर्षभर बोलत नव्हते.

शाळेत मला पोरं 'बंदुक्या' म्हणायची. कॉलेजात गेल्यावर एका मित्राने विचारलं, वडील काय करतात, आणि मी म्हणालो, बँकेत आहेत. त्याच्या चेहऱ्यावर एक बदल झाला, तो मला आवडला. तेव्हापासून तेच उत्तर.

गेल्या वर्षी आण्णा महिनाभर आमच्याकडे महबूल्याला आले होते. आई गेल्यावर घरात एकटे असतात, म्हणून बोलावलं. बायको एका क्लिनिकमध्ये नर्स आहे, तिची सकाळची पाळी. मुलगी चार वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. आण्णा सातव्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसायचे. कंटाळलात का, विचारलं तर म्हणायचे, "न्हाय गा. हुभं ऱ्हायची सवय, बसून पाय दुखत्यात."

दहाएक दिवसांनी एका शुक्रवारी त्यांना वाळवंट दाखवायला दक्षिणेकडे घेऊन गेलो. चहाचा थर्मास, खारे शंकरपाळे, चटई. ते दिवस थंडीआधी पाखरं या वाटेने खाली दक्षिणेला जाण्याचे. त्यांना मारायला लपूनछपून लोक येतात. कायद्याने बंदी आहे, तरी येतात. आम्ही बसलो होतो तिथून थोड्या अंतरावर वाळूत लाल नळकांडी पडलेली होती. आण्णा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, आणि त्या दहा दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचा आवाज मोठा झालेला ऐकू आला.

"आरं, ह्यो बारा बोअर! हिकडं बी बारा बोअरच वापरत्यात व्हय!"

त्यांनी एक उचललं, पितळी बूड अंगठ्याने पुसलं, नाकाशी नेलं. "दोन-तीन दिसांमागचा बार हाय. बारीक छर्रा. पाखरांचा." सुनेला बोलावून दाखवलं, हे बघ, हितं पिन बसलीया, म्हणजे उडालेलं हाय, आता ह्यात काय न्हाय, नुसती पुंगळी. नातीने विचारलं, "आजोबा, व्हॉट इज धिस?" तिलाही सगळं मराठीत समजावून सांगितलं.

मग माझ्याकडे आले. पुढच्या आठवड्यात खंडेनवमी होती. बँकेत असताना दर खंडेनवमीला मॅनेजरच्या केबिनमध्ये टेबलावर बंदूक ठेवून, झेंडूचा हार घालून, आण्णाच पूजा करायचे. त्या एका दिवशी मॅनेजर उभा असायचा आणि आण्णा पाटावर बसलेले असायचे.

"ही एक घिऊ का? नवमीला पुजाया. हितल्या कायद्यात बसतंय न्हवं?"

मी फोन बघत होतो. कामाच्या ग्रुपवर एका क्रेनच्या तपासणीवरून वाद चालला होता. मान वर न करता म्हणालो, "हो हो, घ्या."

आता हे नीट सांगितलं पाहिजे. विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा जवळ सापडला तर इथे काय होतं, हे मला माहीत होतं. तुरुंग होतो, आणि परदेशी माणसाची रवानगी होते. कंपनीचं त्याबद्दलचं परिपत्रक मीच नोटीस बोर्डावर लावलं होतं. वाळवंटात जुन्या आखाती युद्धातला दारूगोळा अजून निघतो, म्हणून 'रेगिस्तान में कुछ भी दिखे, हाथ मत लगाना' हे वाक्य मी कामगारांकडून दर महिन्याला म्हणवून घेतो. आणि ज्या माणसाने मला रीतसर विचारलं, त्याला मी 'हो हो' म्हणालो.

नवमीला घरी पूजा झाली. माझं हेल्मेट, माझा लॅपटॉप, बायकोचं बीपीचं यंत्र, स्वयंपाकघरातली विळी, आणि मधोमध ते लाल काडतूस. आण्णांनी सगळ्याला हळदकुंकू लावलं, लॅपटॉपला जरा जपून. मी फोटो काढला. मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकण्याआधी बघितला, तर काडतूस ठळक दिसत होतं. मी तेवढा भाग फोटोतून कापला. कायदा तेव्हाही डोक्यात आला नाही. लोक विचारतील हे काय, आणि मग सगळं सांगावं लागेल, एवढंच आलं.

पूजा झाल्यावर आण्णांनी ते काडतूस खिशात घातलं. त्यांचा जुना नियम होता की काडतूस एक तर कुलपात, नाहीतर अंगावर. घरात लहान मूल असताना उघड्यावर ठेवायचं नाही, मग ते भरलेलं असो की रिकामं. आमच्या फ्लॅटमध्ये कुलपाचं कपाटच नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. मला कुवेत सिटीतल्या मुख्य कार्यालयात काही कागदांवर सह्या करायला जायचं होतं. म्हटलं, आण्णांनाही नेऊ. काचेची उंच इमारत आहे, लिफ्टमधून अर्धं शहर दिसतं. खरं सांगायचं तर मला ते दाखवायचं होतं. आण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तिथे हिशेब विभागात माझा एक नाशिकचा सहकारी आहे, आमच्या भिशीतलाच. तो खास खाली घ्यायला आला होता. "या काका! तुम्ही बँकिंगवाले, म्हणजे आमच्याच जातकुळीतले."

आण्णा माझ्याकडे बघून हसले. 

दारातच तपासणीचं यंत्र आहे. आण्णांना त्याची रीत माझ्यापेक्षा चांगली कळली. ट्रेमध्ये त्यांनी ओळीने ठेवलं: चष्म्याचं घर, रुमाल, घराची किल्ली, आणि काडतूस. लपवलं काहीच नाही. उलट त्याचं तोंड पहारेकऱ्याकडे केलं, आतून मोकळं आहे हे त्याला दिसावं म्हणून.

पहारेकरी नेपाळी होता. त्याने ते बघितलं आणि ट्रे तिथेच धरून ठेवला. मग आतल्या केबिनमधून पांढरा पायघोळ दिशदाशा घातलेला सुरक्षाप्रमुख आला. "शिनू हादा?" म्हणजे, हे काय आहे? मागे रांग उभी होती.  माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नोकरी, मुलीची शाळा, सगळं त्या लाल नळकांड्यात दिसायला लागलं.

आण्णा मात्र शांत होते. ते ताठ उभे राहिले, बँकेच्या दारात राहायचे तसे, आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "साब, खाली है. चला हुआ है. मैं बँक में बंदूक..."

"आण्णा, गप्प बसा!" मी म्हणालो.

माझा सहकारी दोन पावलांवर होता. आण्णांचं पुढचं वाक्य पुरं झालं असतं तर काम बहुतेक तिथेच संपलं असतं. समोरचा माणूसही दारावरचाच होता, त्याला कळलं असतं. 'मीच घेऊ दिलं, चूक माझी', एवढं मी म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी पहारेकऱ्याला हिंदीत आणि साहेबाला इंग्रजीत सांगितलं, "यांचं डोकं ठिकाणावर नाही. वयामुळे. रस्त्यात काहीही दिसलं की उचलतात. आम्हालाही कळत नाही."

आण्णांना हिंदी चांगलं कळतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही, दोन सेकंद असतील. मग त्यांचे खांदे उतरले. मान थोडी कलली, ओठ किंचित उघडे पडले आणि नजर कुठेच नाही अशी झाली. म्हणाले, "आपण कुटं आलुय रं? घरी जायाचं का?"

पहिल्या क्षणी मीसुद्धा घाबरलो, की खरंच काही झालं की काय. मग लक्षात आलं. ते माझं म्हणणं खरं करून देत होते.

साहेबाचा चेहरा मऊ झाला. त्याने छातीवर हात ठेवला, बरं वाटो असं काहीतरी अरबीत पुटपुटला, आणि स्वतःच्या केबिनमधली खुर्ची बाहेर आणून आण्णांना बसवलं. पाण्याची बाटली उघडून हातात दिली. मला बाजूला घेऊन त्याने माझ्या सिव्हिल आयडीची नोंद केली, काडतूस ठेवून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाला, "भरलेलं असतं तर मला पोलीस बोलवावे लागले असते. वडिलांना एकटं सोडू नका." त्याने वडिलांबद्दल एवढ्या अदबीने बोलावं आणि मी मान हलवावी.

सहकाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, कधी बोलला नाहीस. एवढं एकटा सोसतोयस?"

परतीच्या वाटेवर गाडीत मी माफी मागायला हवी होती. मी उलट चढलो. "एवढं वय झालं, कळत कसं नाही तुम्हाला? परक्या देशात असली वस्तू खिशात घालून हिंडायचं?"

आण्णा खिडकीबाहेर बघत होते. "तुला इचारलं हुतं," एवढंच म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी त्या सहकाऱ्याकडे दुपारचं जेवण होतं, दसऱ्यानिमित्त, सात-आठ कुटुंबं. मी टाळायला बघत होतो. बायकोला सगळं सांगितलं नव्हतं, आण्णांनीही सांगितलं नव्हतं, त्यामुळे टाळायला कारण मिळेना. गेलो, तर बातमी आमच्याआधी पोचलेली. जो तो आण्णांशी मोठ्याने आणि तोडून तोडून बोलत होता.

"काका, बासुंदी आवडते ना? बा-सुं-दी!"

"काकांना पंख्याखाली बसवा रे. काका, चप्पल इथे काढलीय हां, लक्षात ठेवा."

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी ताटाकडे.

तिथे एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई होत्या, पुण्याच्या. मनाने चांगल्या. सहकाऱ्याने त्यांना मुद्दाम बोलावलं असावं. त्या आण्णांच्या शेजारी सोफ्यावर बसल्या. "काका, जरा गंमत करूया. मला सांगा, आज वार कुठला?"

आण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं. सकाळीच त्यांनी मला सांगितलं होतं की आज शुक्रवार, म्हणजे तुमचा सुट्टीचा रविवार. बाईंना ते म्हणाले, "वार... सोमवार का?"

"बरं बरं. आणि शंभरातून सात गेले तर?"

आण्णा बोटं मोजायला लागले. बँकेला कुलूप लावण्याआधी दिव्या-पंख्यांची सतरा बटणं बंद आहेत का, हे जो माणूस दारात उभ्याने मनात मोजायचा, तो सगळ्यांसमोर बोटं मोजत होता आणि चुकत होता. जाणूनबुजून चुकत होता, माझ्यासाठी. कुणीतरी म्हणालं, "राहू द्या हो डॉक्टर, दमतील."

माझ्याने बघवेना. ताट खाली ठेवलं आणि जरा मोठ्यानेच बोललो, "आण्णांना काहीही झालेलं नाही. ते काडतूस मला विचारून घेतलं होतं त्यांनी. पूजेसाठी. मीच हो म्हणालो. आणि ते बँकेत साहेब नव्हते, गनमन होते. तीस वर्षं."

सगळे थांबले. मला वाटलं, झालं, संपलं एकदाचं. आता जो काय विचार करायचा तो करू देत.

तेवढ्यात आण्णा म्हणाले, "न्हाय वो. मी म्यानेजर हुतो."

 मग सहकारी मायेने हसला. "हो तर! मॅनेजरसाहेबच तुम्ही. मॅनेजरसाहेबांना अजून एक पुरी वाढा रे!" सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टरीणबाईंनी माझा दंड थोपटला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मुलांना स्वीकारायला वेळ लागतो. होतं असं. मी एका न्यूरोलॉजिस्टचा नंबर पाठवते."

मी खरं बोललो होतो आणि वेडा ठरलो होतो. आण्णा पुरी खात होते.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती आत जाऊन आण्णांच्या पाया पडली, तेव्हा ते गडबडले, "आगं, आज काय?" म्हणाले. मी दाराशी उभा होतो. विचारलं, "आण्णा, कशाला म्हणालात मॅनेजर?"

"तूच सांगिटलं आसशील न्हवं त्यास्नी."

"मॅनेजर नाही म्हटलं. बँकेत होते, एवढंच म्हटलं होतं."

"मग त्येंनीच बढती दिली म्हणायची." ते हसले. मला हसता आलं नाही. मग म्हणाले, "तुला हितंच ऱ्हायाचं हाय गा, त्या मान्सांत. मी काय, म्हैन्याचा पावना."

माफी मागितली का? मागितली, विमानतळावर, ट्रॉली ढकलताना, गर्दीत, अर्धवट. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. ते तपासणीच्या रांगेकडे बघत होते. खिसे तीनदा चाचपून झाले होते.

ते गेल्यावर मी सहकाऱ्याला एकट्याला गाठून पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी त्याला पटलं. तो म्हणाला, "गनमन होते यात सांगण्यासारखं वाईट काय होतं?" आणि मग, "पण बापाला वेडं ठरवलंस, हे मात्र..." वाक्य त्याने सोडून दिलं. त्यानंतर त्याच्याकडचं बोलावणं कमी झालं. त्याचा मला राग नाही.

हे सगळं लिहायला बसलो ते गेल्या महिन्यात गावाकडून आलेल्या एका फोनमुळे. ज्या चुलत्यांच्या मुलीच्या लग्नात बार काढला नव्हता, त्यांचा मुलगा बोलत होता. भलताच खुशीत.

"दादा, तुजं लई कौतुक चाललंय बघ हितं. आण्णा पारावर बसून समद्यास्नी सांगत्यात."

"काय सांगतात?"

"हेच की, तुज्या हापिसात नेलंस, आन तिथल्या आरबी सायबाला छाती फुगवून म्हणालास, ह्यो माजा बाप, तीस वर्सं बंदूक घिऊन बँक राखली. तवा त्यो सायेब सोता उठला, खुर्ची आनून दिली, पानी दिलं. खरं का?"

मला आठवलं, खुर्ची खरी होती, पाणीही खरं होतं. साहेब स्वतः उठला होता, हेही खरं. मधलं वाक्य आण्णांनी घातलं होतं, जे मी म्हणायला हवं होतं ते. आणि आता मी नाही म्हणालो असतो, तर पारावर खोटे ते पडले असते.

"दादा, आयकू येतंय न्हवं? खरं का?"

"आण्णा सांगतात तसंच," मी म्हणालो, आणि मुलगी हाक मारतेय असं सांगून फोन ठेवला. मुलगी शाळेत होती.